लग, थिंबल, फेरूल : तारेचे टोक चेपण्याच्या शब्दांचा इतिहास



लखनौच्या चारबाग स्थानकावरून कानपूरकडे जाणाऱ्या साध्या गाडीत बसलात, तर आधी मानक नगर लागते आणि त्याच्या पुढचे स्थानक अमौसी. मानक म्हणजे स्टँडर्ड. भारतीय रेल्वेसाठी मानके ठरवणारी आरडीएसओ ही संस्था मानक नगरलाच आहे. १९३० साली स्थापन झालेले सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ सालचे रेल्वेचे चाचणी व संशोधन केंद्र यांचे १९५७ साली एकत्रीकरण होऊन ती तयार झाली. पुढच्या स्थानकाची गंमत वेगळी आहे. अमौसीच्या विमानतळाला २००८ साली चौधरी चरण सिंह यांचे नाव दिले गेले आणि सरकारी कागदांवर तेच असते. पण चारबागच्या रिक्षावाल्याला विमानतळ म्हणा, तो उलट विचारतो, "अमौसी ना?"

कागदावर एक नाव आणि तोंडात दुसरे, हे गावाच्या बाबतीत चालून जाते, कारण रिक्षा शेवटी विमानतळावर पोचतेच. तारेच्या टोकाला बसवायच्या किरकोळ किमतीच्या धातूच्या तुकड्याबाबत मात्र ते चालत नाही. हे मी अमौसीतच शिकलो, आणि या पाठाची सुरुवात त्या चुकीपासून करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

बीई झाल्यावर माझी पहिली नोकरी अमौसीच्या औद्योगिक वसाहतीत होती. कंट्रोल पॅनेल बनवणारी ती एक छोटी कार्यशाळा होती. एका पाणीपुरवठा योजनेच्या पंपाचे पॅनेल आमच्याकडे होते. मी साहित्याच्या मागणीपत्रात लिहिले : "फेरूल, २.५ चौरस मिमी, ५०० नग." जर्मन कंपन्यांचे कॅटलॉग वाचून मी शिकलो होतो. बारीक धाग्यांच्या मऊ तारेच्या टोकावर जी छोटी कल्हई केलेली नळी चढवून चेपतात, तिला फेरूल म्हणतात हे मला पक्के माहीत होते. चार दिवसांनी पिशवी आली. तिच्यात पिवळ्या प्लॅस्टिकची, काळे आकडे छापलेली कडी होती. आमचे मिस्त्री म्हणाले, "इंजीनियर साहब, फेरूल तो आ गए. पिन कब आएगी?"

पिन मी मागवलीच नव्हती. त्या कार्यशाळेत, आणि पुढे माझ्या लक्षात आले की देशातल्या बहुतेक पॅनेलवाल्यांकडे, फेरूल म्हणजे तारेचा क्रमांक दाखवणारे कडे. मला हवी होती ती नळी त्यांच्याकडे 'पिन' या नावाने ओळखली जाई. पॅनेल दुसऱ्या दिवशी जायचे होते. तारांची टोके पीळ देऊन तशीच स्क्रूखाली दाबली गेली आणि मी सही केली. जूनमध्ये एका फेजचे टर्मिनल जळून कोळसा झाले आणि एका गावाचे पाणी दोन दिवस बंद राहिले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. अहवालात कारण लिहिले गेले 'लूज कनेक्शन'. ते खोटे नव्हते. पण कनेक्शन लूज का झाले, याचे उत्तर माझ्या मागणीपत्रातल्या एका शब्दात होते.

हे जळते कसे, ते एकदा आकड्यांत पाहून घ्या, म्हणजे पुढचा इतिहास नुसता शब्दांचा खेळ वाटणार नाही. नीट चेपलेल्या जोडाचा रोध एक मिलिओहमपेक्षा पुष्कळ कमी असतो. सैल जोडाचा रोध १० मिलिओहम झाला आणि प्रवाह २० अँपिअर असेल, तर वर्ग करून गुणा : ४ वॅट उष्णता. तापल्याने तांब्यावर ऑक्साइड चढते, धागे बसतात, स्क्रू आणखी ढिला होतो आणि रोध वाढतो. ५० मिलिओहमला हीच उष्णता २० वॅट होते. बंद पॅनेलमध्ये, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, एक छोटी सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून दार लावून घेतल्यासारखे ते आहे.

घाम, कल्हई आणि हातातले कसब

तार चेपून जोडायची पद्धत विजेइतकी जुनी नाही. आधीची पद्धत डाख देण्याची, म्हणजे सोल्डरची. जाड केबलच्या टोकाला पितळी किंवा तांब्याचे सॉकेट घालायचे, बत्तीने तापवायचे आणि त्यात कथील-शिशाचा वितळलेला मिश्रधातू भरायचा. ब्रिटिश वायरमन या कृतीला 'स्वेटिंग', म्हणजे घाम आणणे, म्हणत. आपल्याकडे भांड्यांना कल्हई लावणारे कारागीर दारोदार फिरत, त्यामुळे तांब्यावर कथील चढवण्याची कल्पना आपल्या लोकांना नवी नव्हती. आजही लगावरचा रुपेरी थर पाहून जुने वायरमन 'कल्हईचा लग' म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. तो थर कथिलाचाच असतो.

सोल्डरच्या जोडाची प्रत जोडणाऱ्याच्या हातावर असते. किती तापवले, फ्लक्स किती उरला, थंड होताना तार हलली का, हे सगळे कारागिराच्या अंदाजावर. तपासणी नजरेने करायची : जोड चकचकीत दिसला तर चांगला, मातकट दिसला तर वाईट. शिवाय कथील धाग्यांमधून वर चढते आणि तारेचा तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. एका जागी बसलेल्या यंत्रात हे खपते. कंप पावणाऱ्या यंत्रात तार नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते.

कंप पावणारी यंत्रे म्हणजे मोटारी, आगगाड्या आणि विशेषतः विमाने. या शब्दसंग्रहाचा मोठा भाग विमानांनी दिला आहे. १९४१ साली युनकस व्हिटेकर या अमेरिकन अभियंत्याने न्यू जर्सीत 'एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स' नावाची कंपनी काढली. सोल्डरशिवाय बसणारी टर्मिनले हा तिचा माल. नावातच गिऱ्हाईक आहे : विमाने आणि जहाजे. युद्धाच्या काळात विमानांची मागणी अचानक वाढली. प्रत्येक विमानात तारांची हजारो टोके, आणि सोल्डरमध्ये तयार झालेले हात मात्र मोजके. चेपण्याच्या हत्याराने हा पेच सुटला. नवख्या माणसाच्या हातात हत्यार द्या. दांडी पूर्ण मिटेपर्यंत ते सुटतच नाही, कारण आत रॅचेट असते. अर्धवट दाबलेला जोड बाहेरच येऊ शकत नाही.

मला यात इतिहासाचा खरा सांधा दिसतो. कसब हातातून हत्यारात गेले, आणि त्याबरोबर शब्द बदलले. सोल्डरचे शब्द दिसण्याचे होते. क्रिम्पचे शब्द मोजण्याचे झाले : क्रिम्पची उंची किती, तार ओढल्यावर किती बलाला निसटते, नळीच्या तोंडाबाहेर धागे किती डोकावतात. या कंपनीचे नाव पुढे एएमपी झाले, आणि ती टर्मिनलबरोबर ते दाबायची यंत्रेही देत असे. दोन्हींची जोडी जमली तरच जोड खात्रीचा, हा विचार तिथून रुजला. तुमच्या प्रयोगशाळेत एका कंपनीचे लग आणि दुसऱ्याच कंपनीचे डाय असतील तर या वाक्याकडे परत या.

त्याआधीची एक व्यक्ती मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बर्न डिब्नर. आजच्या युक्रेनमधून लहानपणी अमेरिकेत आलेला मुलगा, ब्रुकलिनमध्ये इंजिनिअर झाला आणि १९२४ साली वीज केंद्रांतल्या मोठ्या वाहकांचे कनेक्टर बनवणारी बर्न्डी ही कंपनी त्याने काढली. 'बर्न' आणि 'डिब्नर' जोडून बर्न्डी. पैसा मिळाल्यावर हा माणूस विज्ञानाच्या इतिहासाकडे वळला, जुने ग्रंथ जमवू लागला. लिओनार्दोच्या यंत्रांवर त्याने लिहिले. त्याच्या संग्रहाचा मोठा भाग आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत डिब्नर ग्रंथालय म्हणून आहे. इंजिनिअरने इतिहास वाचावा का, असे मला विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी या कनेक्टरवाल्याचे नाव सांगतो.

कान, जोडा, अंगुस्तान

आता शब्दांकडे. तारेच्या टोकावर बसणारा, एका बाजूला नळी आणि दुसऱ्या बाजूला बोल्टसाठी भोक असलेला जो तुकडा, त्याला इंग्रजीत 'लग' म्हणतात. स्कॉटलंडच्या बोलीत लग म्हणजे कान. भांड्याच्या दोन्ही बाजूंना धरण्यासाठी जे असते तेही लग. आपणही कढईचे कान म्हणतोच. म्हणजे हा शब्द तुकड्याच्या त्या भागाकडे पाहतो जो बाहेर येऊन पकड देतो, बोल्टकडच्या बाजूकडे.

जर्मन माणूस त्यालाच 'काबेलशू' म्हणतो, केबलचा जोडा. त्याचे लक्ष दुसऱ्या टोकाला आहे : पाय घालतात तशी केबल आत जाते. इटालियनमध्ये 'कापोकोर्दा', दोराचे डोके. फ्रेंचमध्ये 'कॉस', आणि हा शब्द फार बोलका आहे. फ्रेंच खलाशी दोराच्या फासात झीज होऊ नये म्हणून जे खोबणीचे धातूचे कडे घालतात त्यालाही कॉस म्हणतात. इंग्रज खलाशी त्याच कड्याला म्हणतो थिंबल.

इथे तुमचे कान टवकारायला हवेत, कारण भारतात अमौसीपासून नागपूरच्या बुटीबोरीपर्यंत कुठेही वायरमनला विचारा, तो लगाला थिंबल म्हणेल. रिंग थिंबल, पिन थिंबल, यू थिंबल. इंग्रजीत थिंबल म्हणजे मुळात शिंप्याचे बोटावरचे टोपण. शब्द अंगठ्यावरून आला आहे. मराठीत शिंपी त्याला अंगुस्तान म्हणतो, तो फारसी शब्द बोटावरून आला आहे. तारेच्या टोकावर टोपण चढवणे आणि बोटाच्या टोकावर टोपण चढवणे, ही तुलना इतकी सहज आहे की शिंप्याकडून आली की खलाशाकडून, याचा वाद घालण्यात मला रस नाही. फ्रेंच आणि इटालियन शब्द मात्र दोराकडे बोट दाखवतात. तार ही दोराची वारस आहे, आणि तारेची भाषा बंदरावरून आली आहे, असे मानायला जागा आहे.

एवढी नावे सांगण्याचे कारण असे. प्रत्येक नाव त्या तुकड्याचा एकच भाग पाहते. कान म्हणणारा बोल्टकडे पाहतो, जोडा म्हणणारा नळीकडे. पण जोड टिकतो की नाही ते नळीत ठरते. बोल्ट कितीही घट्ट पिळला तरी नळीत तार नीट चेपली नसेल तर उष्णता तिथेच निघणार. परीक्षेत 'लगाची आकृती काढा' म्हटले की दहापैकी आठ जण भोक सुबक काढतात आणि नळी ओझरती.

नळीच्या शब्दांवर म्हणून थोडे थांबू. तिला बॅरल म्हणतात, म्हणजे पिंप. ती बंद असते किंवा उघडी. मोटारसायकलच्या वायरिंगमधली टर्मिनले उघड्या बॅरलची असतात : पत्र्याचे दोन पंख, डायमध्ये दाबले की आत वळून धाग्यांत रुततात. त्यांच्या मागे आणखी दोन पंख असतात, ते इन्सुलेशनला धरतात. पुढचे पंख वीज नेतात, मागचे पंख तारेचा कंप झेलतात. ही कामाची वाटणी विसरून कोणी इन्सुलेशन पुढच्या पंखांत ढकलले, तर जोड ओढून पाहताना घट्ट लागतो आणि वीज मात्र नीट जात नाही. चेपलेल्या भागाच्या कडेला कर्ण्यासारखे किंचित पसरलेले तोंड ठेवतात, त्याला बेलमाउथ म्हणतात. ते नसेल तर धातूची धारदार कड धागे कापते. दुसऱ्या बाजूने धाग्यांची टोके थोडी बाहेर दिसली पाहिजेत, त्याला ब्रश म्हणतात. धागे शेवटपर्यंत पोचल्याची ती खूण आहे.

आणि क्रिम्प? हा शब्द डच आणि खालच्या जर्मन बोलींतल्या आकसण्याच्या अर्थाच्या शब्दाच्या कुळातला. केसांना लाटा काढणे क्रिम्प, कापडाला चुण्या घालणे क्रिम्प, पायची कड दुमडणे क्रिम्प. आपल्या स्वयंपाकघरात यासाठी नेमका शब्द आहे : करंजीला आपण मुरड घालतो. पण विजेच्या क्रिम्पमध्ये जे होते ते मुरडीपेक्षा खोल आहे. धातू लवचीकतेची मर्यादा ओलांडून वाहतो. नळी आणि धागे एकमेकांवर घासतात, वरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो, स्वच्छ धातूला स्वच्छ धातू भिडतो, आणि हत्यार सुटल्यावरही आत दाब शिल्लक राहतो. मधे हवा शिरायला जागा उरत नाही, म्हणून तो भाग पुन्हा गंजत नाही. जोड टिकतो तो या उरलेल्या दाबावर.

म्हणूनच एक जुनी सवय सोडायला हवी. पुष्कळ वायरमन तार चेपण्याआधी किंवा स्क्रूखाली घालण्याआधी टोकाला सोल्डर लावतात आणि 'पक्के झाले' म्हणतात. ही सवय स्वेटिंगच्या जमान्यातली आहे; तेव्हा ती योग्य होती. पण सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू सरकत राहते, आणि ज्या दाबावर जोड उभा आहे तोच कमी होत जातो. ॲल्युमिनियमलाही हाच सरकण्याचा दोष आहे, आणि वर ऑक्साइड इतक्या झटपट येते की तार सोलून चहा प्यायला गेलात तरी उशीर झाला. आपल्या देशात वीजपुरवठ्याच्या बहुतेक केबली ॲल्युमिनियमच्या आहेत, हे लक्षात ठेवा.

चार फेरूल

ज्या शब्दाने मला फसवले त्याचा इतिहास आता सांगतो. फेरूल लॅटिनमधल्या छोट्या बांगडीच्या अर्थाच्या शब्दापासून आला. पुढे लोखंडाच्या लॅटिन नावाशी त्याचे रूप मिसळले आणि 'व' जाऊन 'फ' आला. काठीच्या टोकाचे, मुसळाच्या टोकाचे लोखंडी कडे म्हणजे फेरूल. लाकूड फाटू नये म्हणून ते असते.

युरोपातल्या पॅनेलवाल्यांनी तो तारेच्या टोकाच्या नळीला दिला : धागे फाकू नयेत म्हणून कडे. जमिनीखालच्या केबली जोडणाऱ्यांनी तो दोन केबलींची टोके समोरासमोर जोडणाऱ्या नळीला दिला. जॉइंटिंग किटमध्ये आजही तोच अर्थ आहे. भारतातल्या पॅनेलवाल्यांनी क्रमांकाच्या कड्याला दिला, आणि बांगडीच्या मूळ अर्थाला तो सगळ्यांत जवळचा आहे, हे कबूल केले पाहिजे. चौथा फेरूल महापालिकेच्या पाणी खात्यात भेटतो : मुख्य जलवाहिनीवर घराचा नळजोड घेताना बसवतात तो. आमचे पॅनेल पाणीपुरवठ्याचे होते. 'फेरूलची गडबड झाली' असे मी फोनवर म्हणालो, तेव्हा पलीकडच्या अभियंत्याने कोणती जलवाहिनी फुटली असे विचारले होते.

जर्मनमध्ये असा घोळ होत नाही. तिथे त्या नळीला म्हणतात 'आडरएंडह्युल्झे' : गाभ्याच्या टोकाची नळी. उच्चारताना दात दुखतात, पण शब्दातच वस्तू सांगितली आहे.

रंग पाहून ओळखू म्हणाल, तर तिथेही सावध. प्लॅस्टिकची कॉलर असलेल्या नळ्यांचे जर्मन मानकातले रंग असे : १.५ चौरस मिमीला काळा, २.५ला निळा, ०.७५ला करडा. फ्रेंच पद्धतीत ०.७५ला निळा आणि २.५ला करडा, म्हणजे नेमकी अदलाबदल. अमेरिकन वळणाच्या इन्सुलेटेड रिंग टर्मिनलमध्ये लाल म्हणजे ०.५ ते १.५, निळा म्हणजे १.५ ते २.५, पिवळा म्हणजे ४ ते ६. नुसते 'निळे द्या' म्हणालात तर दुकानदार तीनपैकी कोणतेही देऊ शकतो आणि तिन्ही वेळा तो बरोबर असेल.

कानपूर रस्त्यावरच्या भाषा

अमौसीचा परिसर या गोंधळाचा चांगला नकाशा आहे. विमानतळावर उतरणाऱ्या विमानांतल्या तारा अमेरिकन गेजमध्ये मोजल्या जातात. तिथे आकडा वाढला की तार बारीक होते. शेजारच्या लोहमार्गावर मोजमाप चौरस मिलिमीटरमध्ये. अमौसीला मेट्रोचे स्थानकही आहे. ती मार्गिका २०१७च्या सप्टेंबरमध्ये काही भागावर आणि ८ मार्च २०१९ रोजी विमानतळापर्यंत सुरू झाली, २५ किलोव्होल्टवर.

याच रस्त्यावर, सरोजिनी नगरला, स्कूटर्स इंडिया हा केंद्र सरकारचा कारखाना होता. १९७२ साली कंपनी स्थापन झाली आणि मिलानच्या इनोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री उचलून इथे आणली गेली. १९७५ पासून विजय सुपर बनू लागली, नंतर विक्रम ही तीनचाकी. लॅम्ब्रेटा त्याआधी १९५०च्या दशकापासून मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया जुळवत असे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या जुन्या मेकॅनिकांना ही गाडी ठाऊक होती. २०२१ साली सरकारने कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. पण 'विक्रम' हा शब्द उत्तर भारतात कोणत्याही शेअर तीनचाकीसाठी चालतोच. टर्मिनलच्या जगातही असेच झाले. ६.३ मिमी रुंद पात्यावर सरकवून बसवायच्या टर्मिनलाला जगभर फास्टन म्हणतात, ते मुळात एएमपीचे व्यापारी नाव. आपल्याकडे 'डॉवेलचा लग' म्हणताना वायरमनच्या मनात पुष्कळदा कंपनी नसते, आकार असतो.

मग मानक काय म्हणते? ॲल्युमिनियम केबलच्या लगासाठीचे भारतीय मानक आयएस ८३०९. १९९३च्या आवृत्तीचे शीर्षक वाचा : इन्सुलेटेड केबलींच्या ॲल्युमिनियम वाहकांसाठी दाबून बसवायची नळीच्या आकाराची अंत्य टोके, असा त्याचा अर्थ होतो. शीर्षकात लग नाही, थिंबल नाही, क्रिम्प नाही. प्रत्येक धंद्याचे नाव बाजूला ठेवून फक्त वर्णन केले आहे : कशावर, कसे, कोणत्या आकाराचे. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयईसी ही संस्था १९०६ साली स्थापन झाली, आणि विजेच्या शब्दांचा तिचा पहिला आंतरराष्ट्रीय कोश १९३८ साली निघाला. शब्द एकसारखे करायलाच तीन दशके लागली, यावरून काम किती अवघड होते ते समजा.

तरीही दुकानात जाऊन 'दाबून बसवायचे नळीच्या आकाराचे अंत्य टोक द्या' असे कोणी म्हणणार नाही. म्हणू नये. मानकाची भाषा मागणीपत्रासाठी, थिंबलची भाषा कामाच्या जागेसाठी, आणि अभियंत्याला दोन्ही यायला हव्यात. माझी चूक कॅटलॉगची भाषा कमी येण्याची नव्हती. मिस्त्रींची भाषा मी विचारलीच नव्हती.

मराठीत काय म्हणावे

२०२१ पासून काही महाविद्यालयांत अभियांत्रिकी मराठीतून शिकता येऊ लागली, तेव्हापासून हा प्रश्न मला वर्गात येतो. आयटीआयमध्ये वायरमनला तारतंत्री आणि इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री हे शब्द रुळले. प्रमाणपत्रांवर आहेत, जाहिरातींत आहेत. पण दोन तारतंत्री एकमेकांना हाक मारताना तो शब्द वापरत नाहीत. लगासाठी नवा संस्कृत शब्द घडवला तर त्याचेही तेच होईल, आणि वर फेरूलचा पाचवा अर्थ तयार व्हायचा धोका. माझे मत असे : वस्तूंची नावे आहेत तशीच राहू द्या. लग, थिंबल, फेरूल, डाय. क्रिया आणि भाग मात्र मराठीत बोला, कारण तिथे आपल्याकडे नेमके शब्द आहेत. तार सोलतात. टोक नळीत घालतात. नळी चेपतात. जीभ बोल्टखाली येते. तोंड कर्ण्यासारखे राहते. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे एकदा सांगितले की कळते, आणि नळी चेपायची, जीभ नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्या प्रयोगशाळेतल्या डब्यांवर आता नावाखाली तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : तारेचे क्षेत्रफळ चौरस मिमीमध्ये, बोल्टचा व्यास किंवा पात्याची रुंदी, आणि कोणत्या डायने चेपायचे. नावाच्या जागी विद्यार्थी त्यांच्या गावी चालते ते लिहितात. एका डबीवर तीन अक्षरांत तीन नावे आहेत : पिन, फेरूल, आणि एका मुलीने लिहिलेले 'टोपी'. मी ते खोडलेले नाही. मागच्या वर्षी साठ्याची तपासणी करायला आलेल्या गृहस्थांनी विचारले की यातले बरोबर कोणते. मी त्यांना नावाखालच्या तीन ओळी दाखवल्या. त्यांनी नोंदवहीत त्या उतरवून घेतल्या, आणि वरती नाव लिहिले : थिंबल.